सेंद्रियला जास्त पैसे मोजायचे तर नेमके कशावर?

पुडावाचक

‘सेंद्रिय चांगलं की साधं?’ असं मोघम विचारलं की धागा शंभरी गाठतो आणि हाती काही लागत नाही. म्हणून प्रश्न आवळून विचारतो. सगळंच सेंद्रिय घेणं बहुतेकांच्या आवाक्यात नसतं. मग जास्तीचे पैसे कुठे मोजावेत आणि कुठे हात आखडता घ्यावा?

एक खुलासा आधीच. इथे ‘पारंपरिक’ हा शब्द वापरत नाही. रासायनिक खतं-औषधांची शेती सर्रास होऊन शे-सव्वाशे वर्षंसुद्धा झाली नाहीत, तिला पारंपरिक म्हणणं म्हणजे उलटी गंगा. ‘साधं’ म्हणू.

माझं मत असं: सेंद्रियचा शिक्का सांगतो तो शेत कसं पिकवलं ते. पदार्थात काय आहे हे तो थेट सांगत नाही. पोषणासाठी सेंद्रिय घेत असाल तर पुरावा लंगडा आहे. 2009 साली लंडनच्या संशोधकांनी 50 वर्षांचे अभ्यास चाळले, पोषणात ठोस फरक सापडला नाही. 2012 साली स्टॅनफर्डच्या आढाव्यातही तेच निघालं. 2014 साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने 343 शोधनिबंध एकत्र तपासले गेले. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू सरासरी 48% कमी आढळला. पण जास्तीच्या अँटिऑक्सिडंटने खाणाऱ्याचं आरोग्य सुधारतं का, हा पुढचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. पालक काढणीनंतर दोन दिवस उन्हात पडला तर त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व जे घटतं, त्यापुढे हा सगळा फरक किरकोळ.

उरतात फवारलेल्या औषधांचे अवशेष. स्टॅनफर्डच्या आढाव्यात सेंद्रियच्या 7% आणि साध्याच्या 38% नमुन्यांत अवशेष सापडले. खरी चर्चा इथून सुरू व्हावी.

अवशेषमापे

7 आणि 38 हे आकडे बरोबर आहेत, पण ते ‘सापडलं की नाही’ एवढंच सांगतात, ‘किती’ ते नाही. आजची यंत्रं किलोला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, सहज पकडतात.

इथे दोन मर्यादांची गल्लत नेहमी होते. पहिली, अवशेषांची कमाल कायदेशीर मर्यादा. ती ठरते शेतातल्या चाचण्यांवरून: लेबलवर लिहिल्याप्रमाणे फवारणी केली, सांगितलेले दिवस थांबून काढणी केली, तर मालात जास्तीत जास्त किती उरेल? म्हणजे ती मुख्यतः शेतकऱ्याने नियम पाळला की नाही हे तपासायची पट्टी. दुसरी, रोज आयुष्यभर पोटात गेलं तरी चालेल असं मानलेलं प्रमाण. प्राण्यांवर ज्या मात्रेचा काहीच वाईट परिणाम दिसत नाही तिला साधारण 100 ने भागून ती काढतात. 10 पट प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, 10 पट माणसामाणसांतल्या फरकासाठी.

हिशेब करून बघा. समजा एका औषधाचं हे दैनिक प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे 0.03 मिलिग्रॅम आहे. 20 किलोच्या मुलाला दिवसाला 0.6 मिलिग्रॅम चालेल. सफरचंदात किलोला 0.5 मिलिग्रॅम अवशेष आहे आणि मुलाने 150 ग्रॅम फळ खाल्लं, तर पोटात गेलं 0.075 मिलिग्रॅम. मुभेचा आठवा हिस्सा.

आता या हिशेबाची भोकं. एक, तो एकेका औषधाचा स्वतंत्र असतो आणि एकाच फळावर चार-पाच औषधं असू शकतात. दोन, मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त खातात, त्यात फळं जास्त. तीन, आणि मला सगळ्यात जास्त खटकणारं: हे प्रमाण पुढे बदलू शकतं. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक कित्येक दशकं ‘मर्यादेत सुरक्षित’ होतं. 2019 साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की याची सुरक्षित पातळीच ठरवता येत नाही, आणि 2020 साली तिथे ते बंद झालं. तेव्हा ‘मर्यादेत आहे’ म्हणजे ‘निर्धास्त राहा’ नव्हे. आणि ‘अवशेष सापडला’ म्हणजे ‘विष’ही नव्हे.

बांधावरचा

मापेसाहेबांच्या हिशेबात शेताची बाजू घालतो. कुठल्या पिकात अवशेष जास्त राहणार हे बरंचसं काढणीच्या पद्धतीवरून आधीच सांगता येतं.

काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, स्ट्रॉबेरी ही तोड्याची पिकं. दर दोन-तीन दिवसांनी तोडा. औषधाच्या लेबलवर ‘फवारणीनंतर 7 दिवस काढणी नको’ लिहिलेलं असेल तर मधले तोडे कुठे टाकायचे? कीड पडलीय आणि माल तर झाडावर तयार आहे. कागदावर प्रतीक्षाकाळ पाळला जातो, शेतात तो या पिकांत सगळ्यात जास्त मोडतो. याउलट कांदा, मका, अननस, केळी यांची काढणी एकदाच किंवा लांबच्या अंतराने होते, आणि खायचा भाग सालीआड असतो.

दुसरी गोष्ट औषधाचा प्रकार. स्पर्शजन्य औषध पानाच्या किंवा फळाच्या पृष्ठभागावर राहतं. आंतरप्रवाही औषध झाड आत ओढून घेतं आणि ते रसातून फिरतं. इमिडाक्लोप्रिड, कार्बेन्डाझिम ही त्या जातीची. ती धुऊन जात नाहीत, सोलूनही पूर्ण जात नाहीत.

तिसरी गोष्ट काढणीनंतरची, जिचा पत्ताच नसतो. संत्र्या-लिंबांच्या सालीवर बुरशी येऊ नये म्हणून इमॅझालिल किंवा थायाबेन्डाझोल लावतात आणि वरून मेण. आतला गर खायचा असेल तर साधं फळ घ्या, काही बिघडत नाही. पण साल किसून घालायची असेल, मुरंबा करायचा असेल, तर पैसे तिथेच खर्च करा.

आता सेंद्रियवाल्यांना न आवडणारं. सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं नव्हे. मोरचूद, गंधक, निंबोळी अर्क, शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रिन, जिवाणूपासून मिळणारं स्पिनोसॅड, सगळं नियमांत बसतं. यातली बहुतेक लवकर विघटित होतात म्हणून अवशेष कमी सापडतात. मोरचुदातलं तांबं मात्र धातू आहे, ते विघटित होऊन जाणार कुठे? मातीत साठतं आणि गांडुळांना भोवतं. म्हणून युरोपात तांब्यावर 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा आहे. स्पिनोसॅडची फवारणी ओली असेपर्यंत मधमाशीला मारक असते, ती संध्याकाळी माशा घरी गेल्यावरच करायची.

पुडावाचक

तोड्याच्या पिकांचा मुद्दा लाखमोलाचा. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप ही अमेरिकी संस्था दरवर्षी ‘डर्टी डझन’ यादी काढते, त्यात स्ट्रॉबेरी आणि पालक हटकून वर असतात. त्या यादीवर रास्त टीका अशी की वर्षानुवर्षं तिच्यात अवशेष किती वेळा आणि किती प्रकारचे सापडले हे मोजलं, त्यांच्या विषारीपणाचा हिशेब धरला नाही. प्राधान्य ठरवायला उपयोगी, घाबरायला नव्हे.

धुण्याबद्दल कुणी नीट लिहील का? मिठाचं पाणी, व्हिनेगर, हळद, बाजारातले द्राव, जो तो आपलं घोडं पुढे दामटतो.

चूलबोळकी

धुण्यावरचा मला ठाऊक असलेला सगळ्यात स्वच्छ प्रयोग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा, 2017 चा. सफरचंदांवर थायाबेन्डाझोल आणि फॉस्मेट हे कीटकनाशक लावून, 24 तासांनी साधं पाणी, क्लोरीनचं पाणी आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी यांची तुलना केली. सोडा जिंकला. पृष्ठभागावरचं थायाबेन्डाझोल निघायला 12 मिनिटं लागली, फॉस्मेटला 15. पण आत शिरलेला भाग, थायाबेन्डाझोलचा सुमारे 20% आणि फॉस्मेटचा 4.4%, कशानेच निघाला नाही. बांधावरचे म्हणतात तेच.

घरची पद्धत: एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, फळ पूर्ण बुडेल असं 12 ते 15 मिनिटं ठेवायचं, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं. सोडा आम्लारिधर्मी आहे, त्यात काही औषधं फुटतात. सगळी नाही. म्हणून चोळणं टाळू नका, निम्मं काम तेच करतं. नुसतं अर्धा मिनिट वाहत्या पाण्याखाली चोळल्यानेही बरंच जातं.

चुका कुठे होतात? कापून मग धुतात, त्यामुळे वरचं पाणी आत जातं. पालेभाजीची जुडी तशीच बुचकळतात. पानं सुटी करा, मोठ्या भांड्यात बुडवून हलवा आणि पानं वर काढून घ्या. पाणी पानांसकट चाळणीत ओतलंत तर तळाची माती परत पानांवर. भांड्यांचा साबण वापरू नका, सालीच्या छिद्रांतून तो आत राहतो. आणि स्ट्रॉबेरी, द्राक्षं धुऊन फ्रिजमध्ये ठेवू नका, ओलीला बुरशी लवकर धरते. खायच्या वेळी धुवा.

सेंद्रिय असलं तरी धुवायचं. का, ते कुणीतरी लिहीलच.

काटेतराजू

लिहितो. सेंद्रियच्या गडबडीत ज्याकडे दुर्लक्ष होतं ते तीन धोके सांगतो. त्यांच्याशी शिक्क्याचा जवळजवळ संबंध नाही.

तांदळातलं आर्सेनिक. ते माती आणि पाण्यातून येतं. भात पाण्यात उभा असतो, मुळांशी प्राणवायू नसतो, आर्सेनिक विरघळतं आणि पीक ते ओढून घेतं. सेंद्रिय भातही तेच करतो. उलट ‘पौष्टिक’ म्हणून घेतलेल्या बिनसडीच्या तांदळात ते जास्त, कारण ते कोंड्यात साठतं. उपाय शिजवण्यात: एका भागाला 6 ते 10 भाग पाणी घेऊन शिजवा आणि वरचं पाणी ओतून द्या. अकार्बनी आर्सेनिक 40 ते 60% कमी होतं, पांढऱ्या तांदळातली थोडी जीवनसत्त्वंही जातात. कुकरमध्ये पाणी आटवून शिजवलं तर सगळं आर्सेनिक आतच.

अफ्लाटॉक्सिन. शेंगदाणे, मका यांवरच्या बुरशीचं विष. ही बुरशी ओलीमुळे वाढते. दाण्यातला ओलावा 7-8% च्या आत आणि मक्यातला 13-14% च्या आत नसेल तर साठवणीत ती धरणारच, पोत्यावर कुठलाही शिक्का असो. भाजून हे विष पुरतं जात नाही. सुरकुतलेले, काळपट, बुरसटलेले दाणे निवडून फेकायचे. एक कडू दाणा तोंडात आला तर गिळू नका.

जंतू. सेंद्रियमध्ये शेणखत जास्त. अमेरिकी नियम असा की कच्चं शेणखत घातलं तर खाण्याचा भाग मातीला लागणाऱ्या पिकात काढणीपूर्वी 120 दिवस आणि इतर पिकांत 90 दिवस अंतर हवं. कंपोस्टच्या लांब ढिगाचं तापमान 15 दिवस 55 ते 77 अंश सेल्सियस राहायला हवं आणि तेवढ्यात ढीग पाच वेळा उलटायला हवा. बाहेरची थंड बाजू आत गेली नाही तर जंतू त्या थरात जिवंत राहतात, म्हणून उलटणं. हे पाळणारा चांगला, न पाळणारा साध्यापेक्षा वाईट.

2011 साली जर्मनीत ई-कोलायच्या साथीत 50 हून जास्त माणसं दगावली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, शेवटी धागा पोचला एका सेंद्रिय शेतावरच्या मेथीच्या मोडांपर्यंत. दोष सेंद्रिय असण्याचा नव्हता, जंतू बहुधा बियाण्यातूनच आले. मोड आणण्याची ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. मोड आलेलं धान्य शिजवून खा, सेंद्रिय असो नसो.

मातीशी_नातं

सगळे आपल्याच ताटात डोकं घालून बसलेत. ज्याच्या अंगावर फवारणीचा तुषार उडतो त्याचं काय? खाणाऱ्याच्या पोटात जातं त्याच्या कित्येक पट औषध फवारणाऱ्याच्या त्वचेतून आणि श्वासातून जातं. विहिरीत उतरणारं नायट्रेट, कमी होणारे परागवाहक कीटक, यातलं काही लेबलवर वाचता येत नाही. सेंद्रियसाठी जास्त मोजणं ही मला दवाखान्याच्या बिलातली बचत वाटत नाही. ती शेत कसं चालावं याबद्दल दिलेली किंमत आहे.

काटेतराजू

निम्मं मान्य. पण उत्पन्नाचं काय? 2012 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या विश्लेषणात सेंद्रियचं उत्पन्न परिस्थितीनुसार 5 ते 34% कमी निघालं. 2015 च्या दुसऱ्या विश्लेषणात सरासरी 19% कमी. तेवढंच अन्न हवं तर जमीन जास्त लागणार, आणि ती कुठून तरी मोडून काढावी लागणार. हेक्टरमागे प्रदूषण कमी असलं तरी किलोमागे तितकं कमी राहत नाही.

मातीशी_नातं

सरासरीने फसू नका. 5% ची तूट आहे पावसावरच्या द्विदल आणि फळपिकांत. मोठी दरी तृणधान्यांत आणि काही भाजीपाल्यात, आणि तिचं कारण नत्र. शेणखत-कंपोस्टातला नत्र मातीतल्या जिवाणूंनी मोकळा केल्याशिवाय पिकाला मिळत नाही, गहू तर थंडीतच मागतो. म्हणजे पीक मागतं तेव्हा कोठार कुलपात. फेरपालटात द्विदल आणि हिरवळीचं खत नीट बसवलं की दरी बरीच भरते. फक्त युरिया बंद करून बाकी सगळं तसंच ठेवलं तर ते सेंद्रिय नव्हे, उपासमार. 2021 साली श्रीलंकेने एप्रिल-मेमध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि नोव्हेंबरमध्ये माघार घेतली, ती या घाईपायी.

पुडावाचक

अवांतर नको, तरी हे चालेल. कॅन्सरबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून लिहून टाकतो. 2018 चा फ्रान्सचा अभ्यास, 68,946 माणसं: सर्वात जास्त सेंद्रिय खाणाऱ्यांत कॅन्सरचं प्रमाण 25% कमी. 2014 चा ब्रिटनचा, 6 लाखांहून जास्त स्त्रिया, नऊ वर्षं पाठपुरावा: एकूण कॅन्सरमध्ये फरक नाही. व्हॉट्सॲपवर पहिलाच फिरतो. सेंद्रिय घेणारे सहसा जास्त शिकलेले, जास्त कमावणारे, कमी धूम्रपान करणारे असतात. आकडेमोडीने हा फरक वजा करायचा प्रयत्न होतो, पण तो पूर्ण वजा होत नाही.

अवशेषमापे

सहमत. एक गोष्ट मात्र पक्की आहे: खाणं बदललं की शरीरातलं औषध झपाट्याने उतरतं. सिएटलमधल्या 23 शाळकरी मुलांना पाच दिवस सेंद्रिय खायला दिलं, 2006 साली ते प्रसिद्ध झालं. मॅलाथिऑन आणि क्लोरपायरिफॉसच्या लघवीतल्या खुणा लगेच न मोजता येण्याइतक्या खाली आल्या, साधं खाणं सुरू होताच परत वर. यावरून औषध खाण्यातून येतं हे सिद्ध होतं, त्या प्रमाणाने अपाय होत होता हे नाही. गरोदरपणात आणि लहान मुलांसाठी मी तोड्याची पिकं सेंद्रिय घ्यायला सांगेन. तेवढ्यापुरतं.

दुधाबद्दलही. 2016 च्या विश्लेषणात सेंद्रिय दुधात ओमेगा-3 सुमारे 50% जास्त निघालं, कारण जनावरं चरतात. पण दुधात ओमेगा-3 मुळातच चिमूटभर, आणि त्याच सेंद्रिय दुधात आयोडीन कमी भरलं. गरोदर बाईने दुधावरच आयोडीनची भिस्त ठेवली असेल तर हे ध्यानात घ्यावं.

तपासनीस

‘आमच्या मालाची लॅब टेस्ट झालीय’ म्हणून जो कागद दाखवतात तो कसा वाचायचा?

अवशेषमापे

आधी नमुना किती होता ते बघा. सफरचंदाएवढ्या मालाचा किमान 1 किलो आणि किमान 10 नग हवेत, कोबीसारख्या मोठ्याचे 2 किलो आणि 5 नग. दोन फळं कुरिअरने पाठवून काढलेला अहवाल शोभेचा.

मग किती औषधं तपासली आणि मोजण्याची किमान पातळी किती होती. ‘आढळले नाही’ याचा अर्थ त्या पातळीखाली. ती 0.01 ऐवजी 0.1 असेल तर स्वच्छ अहवाल मिळणं सोपं.

आणि खरी मेख: शेकडो औषधं एकाच वेळी पकडणाऱ्या नेहमीच्या चाचणीत ग्लायफोसेट हे तणनाशक दिसत नाही, ते पाण्यात फार विरघळतं आणि त्याला वेगळी पद्धत लागते. मॅन्कोझेबच्या कुळातली बुरशीनाशकंही त्यात सापडत नाहीत, त्यांना फोडून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजावा लागतो. कागदावर या दोन चाचण्या वेगळ्या लिहिलेल्या नसतील तर त्या झालेल्याच नाहीत.

बांधावरचा

प्रमाणपत्राचंही तसंच. त्यावर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव, क्रमांक, मुदत आणि पिकांची यादी असते. एका पिकाच्या प्रमाणपत्रावर दहा पिकं विकली जातात, म्हणून यादी वाचा. गटाचं प्रमाणपत्र असेल तर शेतकरी त्या गटात आहे का ते विचारा. ‘नैसर्गिक’, ‘रसायनमुक्त’, ‘गावरान’ या शब्दांमागे सहसा कुणाची तपासणी नसते. पुड्यातल्या तयार मालाला अमेरिकेत ‘ऑरगॅनिक’ म्हणायला 95% घटक सेंद्रिय लागतात आणि ‘सेंद्रिय घटकांपासून बनवलेलं’ म्हणायला 70%. सेंद्रिय साखरेचं बिस्किट बिस्किटच राहतं, हे वेगळं सांगायला नको.

साध्या शेतीतून सेंद्रियकडे वळतानाच्या दोन-तीन वर्षांच्या रूपांतर काळाने माती धुतली जाते असंही समजू नका. डीडीटीसारखी जुनी औषधं मातीत दशकानुदशकं राहतात आणि भोपळा-काकडीच्या कुळातली पिकं ती मुळांतून उचलतात. अशा मालात खुणा सापडल्या तर शेतकरी लबाडच असेल असं नाही.

चूलबोळकी

दुरुस्ती: वर मी लिटरला एक चमचा सोडा लिहिला, तो कमी आहे. त्या प्रयोगात प्रमाण मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम होतं. सपाट चहाच्या चमच्यात सोडा साधारण 5 ग्रॅम बसतो, तेव्हा दोन सपाट चमचे घ्या.